लाजलो की काळा दिसायचो

मी मूकपटात काम करत होतो हे कळलं की लोक चेहरा सुतकी करतात आणि विचारतात, "बोलपट आले आणि तुमचं काम गेलं, नाही का?" मी मान डोलावतो. खरं सांगायला बसलो तर त्यांचा चहा गार होतो आणि शेवटी ते हसतात, म्हणून मी सहसा सांगत नाही. आज सांगतो.

बोलपट आले तेव्हा मी वर्षभर आधीच घरी बसलेलो होतो. माझा आवाज कुणी ऐकलाच नाही, त्यामुळे तो वाईट आहे हेही कुणाला कळलं नाही. मला घरी बसवलं ते चांगल्या प्रतीच्या फिल्मने. जुनी फिल्म भिकार होती, तोवर मी मोठा नट होतो. फिल्म सुधारली आणि माझं पितळ उघडं पडलं.

नऊ वर्षं मी खलनायक होतो आणि तेवीस चित्रांत मेलो. कड्यावरून पडून मेलो, विहिरीत बुडून मेलो, एकदा नायकाच्या कुत्र्याने मला मारलं आणि जाहिरातीत त्या कुत्र्याचं नाव माझ्या नावाच्या वर छापलं होतं. प्रेक्षक मला काळतोंड्या म्हणायचे. मी रस्त्याने निघालो की आया मुलांना पदराआड घ्यायच्या. न्हावी माझी दाढी करताना वस्तऱ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायचा. आणि हा काळतोंड्या घरी जेवायला बसला की आईला "अजून थोडं वाढ" म्हणायलाही लाजायचा, अर्धपोटी उठायचा.

लाजणं हा माझा जन्मजात आजार. कातडी गोरी आणि पातळ. कुणी नुसती हाक मारली तरी मानेपासून लाली चढायला लागायची ती थेट कानांच्या पाळ्यांपर्यंत. थोरली बहीण म्हणायची, "याचं लग्न ठरलं की आधी यालाच घुंगटात बसवा." मी तिथून पळून जायचो आणि तेवढ्यात आणखी लाल व्हायचो.

धंद्याने मी शिंपी. काकांच्या दुकानात काजं-बटणं करत वाढलो. गावाबाहेर एक चित्रपट कंपनी होती, तिच्या खलनायकासाठी उंच कॉलरचा लांब कोट शिवायचं काम आलं. काकांना ताप होता म्हणून माप घ्यायला मी गेलो. खलनायक म्हणजे धिप्पाड गडी. उघडाबंब उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "चल, आटप." मी फीत हातात धरून त्याच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली. त्याच्या छातीला हात लावायचं काही केल्या धैर्य होईना. शेवटी "झालं" म्हणालो आणि घरी आलो. मग आरशासमोर उभं राहून स्वतःचंच माप घेतलं आणि त्यावरून कोट बेतला. माणूस इथूनतिथून सारखाच, अशी मनाची समजूत घातली.

कोट घेऊन गेलो त्या दिवशीच चित्रण होतं. मोठी शेड, वर काचेचं छप्पर, ऊन मऊ पडावं म्हणून दोऱ्यांवर ताणलेले पांढरे पडदे. एका बाजूला तीन भिंतींचा महाल, त्याला लागूनच तीन भिंतींचा तुरुंग. खलनायकाने एक हात बाहीत घातला तो कोपरापर्यंत गेला आणि अडकला. दुसऱ्या हाताची वेळच आली नाही. त्याने मला जे शब्द ऐकवले ते मूकपटातच शोभले असते. ऊन कलायला लागलं होतं. दिग्दर्शक डोक्याला हात लावून ओरडले, "अरे, मग हा कोट होतो तरी कुणाला?"

मी प्रामाणिक माणूस. म्हणालो, "मला."

माझ्या नटपणाचा पाया असा घातला गेला. तोंडाला पावडर फासायलाही वेळ नव्हता. मला महालात उभं केलं आणि सांगितलं, "समोर नायिका आहे असं समज आणि भयंकर चिडून बघ." समोर नायिका नव्हती. समोर शिडीवरचे सुतार होते, पडदे ओढणारे गडी होते आणि कपडेपटातल्या तीन बायका तोंडावर हात धरून हसत होत्या. चिडणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. मी नेहमीचंच केलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणत उभा राहिलो आणि लाजलो.

तीन दिवसांनी फिल्म धुऊन आली आणि मालकांच्या खोलीत पडद्यावर लावली. मला बोलावलं होतं ते कोटाबद्दल बोलणी खायला, निदान मी त्या तयारीने गेलो होतो. पडद्यावर माझा चेहरा आला. बावळट, स्वच्छ. मग कॉलरमधून एक काळी सावली वर सरकायला लागली. शाई सांडावी तशी ती मानेवरून गालांवर पसरली, कान काळे झाले, कपाळ काळं झालं आणि मधे दोन डोळ्यांची बुबुळं तेवढी लकाकत राहिली. हिशेबनीस बाई उठून बाहेर गेल्या. दिग्दर्शक खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "हा माणूस आत ज्वालामुखी घेऊन फिरतोय!" ते कुणाबद्दल बोलतायत म्हणून मी मागे वळून पाहिलं.

खरी गोष्ट कॅमेऱ्याचं हँडल फिरवणाऱ्या माणसाला कळली होती. त्याला सगळे मामा म्हणत. मामांनी मला बाहेर जिन्यावर गाठलं. "हे बघ, या फिल्मला लाल रंग दिसत नाही. लाल ते तिला काळं. म्हणून तर आम्ही तिला लाल दिव्यात धुतो. तू चिडलाबिडला नाहीस. तू लाजलास."

"मग सांगून टाकू का त्यांना?"

"खुळा आहेस का? गप्प बस आणि लाजत जा."

मी लाजत गेलो. अडचण अशी होती की माणूस पोटापाण्यासाठी किती लाजणार? दोन-तीन चित्रांनंतर सवय व्हायला लागली आणि चेहरा पांढराच राहायला लागला. मग मामांनी दिग्दर्शकांच्या कानात सांगितलं की या नटाला पेटवायचं असेल तर त्याचं कौतुक करावं लागतं. खरा कलावंत असाच असतो, असं म्हणून दिग्दर्शकांनी ते मनावर घेतलं. कॅमेऱ्याशेजारी एक बाक टाकला. माझ्या प्रत्येक खुनाआधी कपडेपटातल्या तिघी जणी हातातलं काम टाकून त्या बाकावर येऊन बसायच्या आणि सुरू करायच्या. "काय बाई डोळे आहेत यांचे!" "आणि बोटं बघितलीस का? किती नाजूक!" मी हातात सुरा धरून लालेलाल व्हायचो. तिकडे थिएटरात लोक किंकाळ्या फोडायचे. वर्तमानपत्रात एकाने लिहिलं की असा जिवंत संताप आजवर पडद्यावर आला नाही. आईने ते कात्रण कपाटात ठेवलं, पण पाहुण्यांना दाखवायचं धाडस तिला कधी झालं नाही.

आता तिच्याबद्दल सांगतो. मूकपटात मधेमधे अक्षरांची पाटी यायची, तेव्हाच कोण काय बोललं ते लोकांना कळायचं. आमच्या पाट्या एक मुलगी हाताने रंगवायची. काळ्या फळीवर पांढरी अक्षरं, एकसारखी, ताठ. मागच्या अंगणाकडच्या खोलीत ती उंच स्टुलावर बसलेली असायची. सावळी, सडसडीत, तिशी उलटलेली, आणि जिभेला धार. पाटी ओठांच्या हालचालीला शोभावी म्हणून ती प्रत्येक नटाला विचारायची.

"त्या दृश्यात तुम्ही काय बोललात?"

"बाहीत टाचणी राहिलीय, असं म्हणालो."

"बरं," असं म्हणून ती लिहायची, 'तुझ्या रक्ताने हात धुतल्याशिवाय मी राहणार नाही!' आणि मोजून सांगायची, "ओठांना एवढं पुरेल."

नऊ वर्षांत मी जे काही बोललो ते सगळं तिनेच लिहिलेलं. स्वतःचं असं एक वाक्यही मला तिच्यापुढे बोलता आलं नाही. दर मंगळवारी काहीतरी निमित्त काढून मी त्या खोलीत जायचो. दाराच्या पडद्याची शिवण उसवली का बघायचो. उसवलेली नसायची. मग उगाच दोन टाके घालून परत यायचो. चार वर्षांत त्या पडद्याला इतके टाके पडले की तो वाऱ्याने हलेनासा झाला.

एका मंगळवारी ती कुंचला न उचलता म्हणाली, "तुम्ही येता, काही बोलत नाही आणि जाता. रविवारी घरी या आणि बाबांशी बोला. नाहीतर येऊ नका. दार उघडं राहिलं की धूळ येते आणि ओल्या रंगावर बसते."

रंगाचा डबा आणायला सांगावा त्याच सुरात बोलली. मी बाहेर आलो तो एकीकडे पाय जमिनीवर नव्हते आणि दुसरीकडे मनात किडा शिरला होता. हिला माझी कीव आली असेल. रोज दाराशी येऊन बसणाऱ्या मांजराला माणूस एखाद्या दिवशी घरात घेतो, तसलंच काहीतरी असेल.

तिचे वडील शाळेत भूमिती शिकवायचे. आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. मास्तर आमच्या कंपनीचं प्रत्येक चित्र बघायचे, ते लेकीच्या पाट्यांत शुद्धलेखनाची चूक नाही ना हे तपासायला. त्यामुळे मला त्यांनी तोवर बावीस वेळा नीट निरखलेलं होतं. त्यांची खोली छोटी. टेबलावर वह्यांचा ढीग, भिंतीला टेकवलेला लाकडी कंपास, दोन खुर्च्या. मला बसा म्हणाले नाहीत.

"अभिनय मला कळतो," मास्तर म्हणाले. "हात उगारणं हा अभिनय. डोळे वटारणं हाही अभिनय. पण तोंडाचा रंग कुणाला ठरवून बदलता येत नाही. तो आतून येतो. तुमच्या आत काय आहे ते मी पाहिलेलं आहे. माझी मुलगी मी तुम्हाला देणार नाही."

गंमत अशी की यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं बरोबर होतं. खोडून काढायला जागाच नव्हती. मी उभ्या उभ्या लाल व्हायला लागलो.

"बघा, बघा! आत्तासुद्धा संताप गिळताय!"

"बाबा, ते लाजलेत," ती म्हणाली.

"पुरुष एवढा लाजत नसतो. सिद्ध कर."

पुढच्या रविवारी मी मामांना घेऊन गेलो. मामांनी एक लाल मफलर आणला होता आणि त्याच मफलरची फिल्मची पट्टी. मास्तरांनी पट्टी खिडकीशी धरून पाहिली. मफलर काळा होता. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे मफलरचं सिद्ध झालं." मग माझ्याकडे वळले. "आणि आता तिसऱ्यांदा येऊ नका. तिला तुमची कीव येते, मला दिसतंय ते. कीव म्हणजे संसार नव्हे."

हे मात्र मला लागलं. माझ्या मनातलंच होतं ना ते.

ती दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मी थांबेन. पण बाबांना सोडून येणार नाही. ते चुकतायत म्हणून त्यांना एकटं कसं टाकू?" मी मान हलवली. तिला विचारायचं एकच होतं, तुम्हाला खरंच माझी कीव येते का, आणि तेवढं सोडून मी पडद्याला दोन टाके घातले.

त्याच सुमारास मामा एक बातमी घेऊन आले. मालकांनी नव्या प्रकारची फिल्म मागवली होती. तिला सगळे रंग डोळ्याला दिसतात तसेच उजळ-गडद कळायचे. जुने चार डबे उरले होते. "ते संपले की तुझं खलनायकपण संपलं. आणि मास्तरांना काही दाखवायचं असेल तर तेही याच चार डब्यांत." झालंही तसंच. नव्या फिल्मवर माझं पहिलं दृश्य आलं तेव्हा बाकावरच्या बायकांनी जिवाचं रान करून माझं कौतुक केलं, पण पडद्यावर सुरा घेतलेला एक भिडस्त शिंपी दिसला. लोक पोट धरून हसले. महिन्याभरात मी काकांच्या दुकानात परत काजं करायला बसलो. पण ते नंतर. आधी चौथा डबा.

त्या दिवशी माझा तेविसाव्या चित्रातला मृत्यू होता. मला महालाच्या खांबाला दोरखंडाने करकचून बांधलेलं. मामा कॅमेऱ्यामागे, डबा जवळजवळ संपत आलेला. एवढ्यात मास्तर छत्री घेऊन शेडमध्ये शिरले. लेक थांबायला तयार आहे हे त्यांना आदल्या संध्याकाळी कळलं होतं. ते तडक महालात आले, दिग्दर्शकांसमोर उभे राहिले आणि त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. "उद्यापासून माझी मुलगी इथे येणार नाही! असल्या माणसांच्या संगतीत मला तिला ठेवायचं नाही!" ती हातात कुंचला तसाच घेऊन धावत आली आणि वडिलांच्या शेजारी उभी राहिली. "बाबा, हे माझं काम आहे," एवढंच म्हणाली. मास्तर ऐकेनात. घामाने आणि रागाने ते नुसते धुमसत होते.

मी तिच्या हाताकडे पाहिलं. कुंचल्यातून पांढरा रंग तिच्या चपलेवर ठिबकत होता आणि तिचं लक्ष नव्हतं. रंगाचा थेंब कधी वाया घालवणारी बाई नव्हती ती. आणि मी बोललो. बांधलेला होतो म्हणून असेल, नाहीतर नेहमीसारखा पळालोच असतो.

"मास्तर, त्यांना घरी बसवू नका. असं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही. मी मंगळवारी जाणं बंद करतो. पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. पण त्यांचं काम काढून घेऊ नका."

मास्तरांनी माझ्याकडे, मग दोरखंडाकडे पाहिलं, "ठीक आहे, शब्द दिलाय तुम्ही," असं म्हणाले आणि छत्री उचलून गेले. ती मान खाली घालून आपल्या खोलीत गेली. मला वाटलं, संपलं. मग दिग्दर्शक म्हणाले की डबा संपला, आता मृत्यू उद्या. मला सोडायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. अर्ध्या तासाने झाडूवाल्याने सोडवलं.

डबा कशावर संपला हे मामांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मास्तरांना निरोप धाडला, मुलीच्या पाट्यांत एक चूक राहिली आहे, येऊन बघून जा. मास्तर धावत आले. मालकांच्या खोलीच्या खिडक्या कापडाने झाकल्या होत्या. पुढच्या खुर्चीवर मास्तर, शेजारी ती, आणि मी मागे दाराला चिकटून.

पडद्यावर महाल आला. खांबाला बांधलेला मी आलो. मग छत्री घेतलेला एक माणूस चौकटीत शिरला आणि तोंड उघडून हात नाचवायला लागला. त्याच्या कॉलरमधून काळी सावली वर चढली. गाल, कान, टक्कल, सगळं काळंकुट्ट. माझी तेवीस चित्रं एका पारड्यात आणि तो एक चेहरा दुसऱ्या पारड्यात. मीसुद्धा दचकलो.

"हा कोण राक्षस?" मास्तर म्हणाले. मग त्यांनी छत्री ओळखली.

"मास्तर, तुम्ही त्या दिवशी लालबुंद झाला होतात," मामा म्हणाले.

"झालो होतो. मी चिडलो होतो." मास्तर सावरून बसले. "म्हणजे राग आला की काळं दिसतं. मी वेगळं काय म्हणत होतो?"

मामांनी कपाळावर हात मारला असावा, तसा आवाज आला. माझा तर जीवच गेला. शेवटचा डबा, शेवटचा पुरावा, आणि तो मास्तरांच्याच बाजूने पडला होता.

पण पट्टी अजून संपली नव्हती. पडद्यावर मी तोंड उघडलं. माझा चेहरा कागदासारखा पांढरा होता, लाजायचं भानच नव्हतं मला. ओठ हलत होते आणि पाटी नव्हती, पण खोलीतल्या प्रत्येकाला ती वाक्यं माहीत होती. आणि मास्तरांच्या शेजारी कुंचला धरून उभी असलेली ती, तिचा चेहरा हळूहळू गडद व्हायला लागला. आधी गळा. मग गाल. मग कान. तिच्या सावळ्या चेहऱ्यावर लाली चढते हे आम्हा कुणाच्या डोळ्यांना इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. पट्टी संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी खांबाशी उभा राहून मी तिच्या कुंचल्याकडे बघत बसलो होतो.

पडदा पांढरा झाला.

"पुन्हा लावा," मास्तर म्हणाले.

मामांनी पुन्हा लावली. या वेळी मास्तर स्वतःकडे बघत नव्हते, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. पट्टी दुसऱ्यांदा संपली. मग लेकीकडे न बघताच त्यांनी विचारलं, "मी चिडलो होतो, ते ठीक. तू कुणावर चिडली होतीस?"

"मी चिडले नव्हते, बाबा."

मामांनी खिडकीवरचं कापड काढायला हात पुढे केला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "इतक्यात उजेड करू नका. तिला जरा बसू दे."

माझी त्याला काहीच हरकत नव्हती.